रस्ता झाडायची पाळी

रॅलीच्या जगात जिंकलात की पुढच्या शर्यतीत हातात झाडू येतो. जागतिक रॅली अजिंक्यपदात, म्हणजे डब्ल्यूआरसीमध्ये, गुणतक्त्यात जो सर्वांत वर असतो त्याला शुक्रवारी, म्हणजे तीन दिवसांच्या रॅलीच्या पहिल्या दिवशी, सर्वांत आधी सोडतात. रस्ता मातीचा असेल आणि त्यावर सुट्या खडीचा थर असेल, तर ही पहिली गाडी तो थर बाजूला सारत जाते. दोन-तीन मिनिटांनी सुटणाऱ्या दुसऱ्याला रस्ता थोडा मोकळा मिळतो, तिसऱ्याला आणखी थोडा, आणि आठव्या-नवव्याला तर खालची टणक जमीनच लागते. घड्याळ मात्र सगळ्यांचं एकच.

फॉर्म्युला वनमध्ये सगळे एकाच वेळी सुटतात. पुढे कोण आणि मागे कोण, ते डोळ्यांना दिसतं. रॅलीत प्रत्येक जण एकटा धावतो आणि लढाई कागदावर होते. वरवर बघता हा सगळ्यांत प्रामाणिक खेळ वाटतो: एक माणूस, एक रस्ता, एक वेळ. शेजारी वळणांच्या नोंदी वाचून दाखवणारा को-ड्रायव्हर धरला तर दोन माणसं. गडबड ‘एक रस्ता’ या दोन शब्दांत आहे. प्रत्येक गाडी मागच्यासाठी वेगळा रस्ता ठेवून जाते.

हे मला तोंडपाठ होतं, पण नीट दिसलं ते सार्डिनियात. मी जर्मनीत राहतो. तिथून सार्डिनियाची रॅली गाठायची म्हणजे गाडीने जेनोआ, मग रात्रभर बोट आणि सकाळी पोर्तो तोर्रेस. त्या वर्षी माझा मेहुणा त्याच्या बहिणीकडे, म्हणजे आमच्याकडे, राहायला आला होता. तो साताऱ्याला दिवाणी कोर्टात वकिली करतो. त्याला व्हेनिस बघायचं होतं. मी त्याला मोंते लेर्नोच्या डोंगरात जूनच्या उन्हात नेऊन उभं केलं, आणि याबद्दल बहीण-भाऊ दोघंही मला अजून ऐकवतात.

स्टेज, म्हणजे रॅलीतला घड्याळ लावून धावायचा एकेक टप्पा, सुरू होण्याच्या बऱ्याच आधी रस्ता बंद होतो, त्यामुळे प्रेक्षक पहाटेच येऊन त्याच रस्त्यावरून चालत आपापली जागा गाठतात. आम्हीही चाललो. पायाखाली बोटभर जाडीची सुटी खडी होती, गोलसर, करड्या-पांढऱ्या रंगाची. चढावर बूट घसरत होते. मेहुण्याने वाकून मूठभर खडी उचलली, हातात खुळखुळवली आणि म्हणाला, “दाजी, ह्याच्यावर शंभरच्या वर जातात?” मी म्हटलं, बघच.

आधी ‘झिरो कार’ जातात, रस्ता सुरक्षित आहे ना ते पाहायला. त्या काही स्पर्धेच्या वेगाने जात नाहीत, त्यामुळे खडी फारशी हलत नाही. मग हेलिकॉप्टरचा आवाज, मार्शलची शिट्टी, आणि लांबून इंजिनाचा तडतडाट. आमच्यासमोर उजवीकडचं लांब वळण होतं. पहिल्या गाडीने ब्रेक लवकर लावला, तरी मागचा भाग हवा होता त्यापेक्षा जास्त बाहेर गेला. ड्रायव्हर क्षणभर थांबला, म्हणजे तसं वाटलं, आणि मग गाडीला पकड मिळाली. झुडपांवर खडीचा सडा पडला. धूळ खाली बसेपर्यंत दुसरी आली. तिसरीपासून रस्त्यावर दोन गडद पट्टे दिसायला लागले. सहावी-सातवी गाडी त्याच वळणावर आली तेव्हा रुळावरून आल्यासारखी त्या पट्ट्यांवरून निघून गेली. ब्रेक उशिरा, गॅस लवकर. मोबाइलवर वेळा बघायची गरजच नव्हती.

सगळ्या गाड्या गेल्यावर आम्ही परत चालत निघालो. सकाळची खडी आता दोन्ही कडांना वरंब्यासारखी साचली होती आणि मधे चाकोऱ्या पडल्या होत्या, काही ठिकाणी खालचा खडक उघडा. म्हणूनच तीच स्टेज दुपारी दुसऱ्यांदा होते तेव्हा झाडण्याचा त्रास बराच कमी झालेला असतो. तेव्हा दुखणी वेगळी: चाकोऱ्या आणि उपटून वर आलेले दगड. मेहुणा खाली बघत चालत होता. म्हणाला, “हा पहिला माणूस सगळ्यांसाठी रस्ता साफ करतो. त्याला त्याचे वेगळे पैसे मिळतात का?”

“नाही. उलट त्याचाच वेळ जातो.”

“मग कोणी अपील का करत नाही?”

अपील करतात की. पंधरा-वीस वर्षं चाललंय. फक्त दर वेळी पक्षकार वेगळा असतो.

आत्ताचा नियम आभाळातून पडलेला नाही. २०११ पर्यंत दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी आदल्या दिवसाच्या निकालाप्रमाणे गाड्या सुटत. जो आघाडीवर, तो आधी. ऐकायला हे किती सरळ वाटतं! पण ग्रॅव्हलवर, म्हणजे खडी-मातीच्या रस्त्यावर, याचा अर्थ असा की शनिवारी संध्याकाळी जो पहिला, त्याने रविवारी सगळ्यांसाठी रस्ता झाडायचा. मग शहाणा माणूस काय करणार? शनिवारच्या शेवटच्या स्टेजला तो हात आखडता घेणार. त्या वर्षी ग्रीसमधल्या अ‍ॅक्रोपोलिस रॅलीत सेबास्टियाँ ओजिएने नेमकं तेच केलं. दिवसाच्या अखेरीस वेग कमी करून त्याने आघाडी सेबास्टियाँ लोबच्या गळ्यात घातली. दोघं एकाच सिट्रोएन संघाचे, त्यामुळे गोष्ट आणखी चमत्कारिक. रविवारी लोब पुढे खडी उडवत गेला, मागून ओजिए आला आणि रॅली जिंकून गेला.

ओजिएने कुठलाही नियम मोडला नव्हता. मला त्याचा राग आला नाही, नियमाचा आला. ज्या खेळाचं सगळं सार ‘कमीत कमी वेळ’ एवढंच आहे, त्यात ड्रायव्हर फिनिशच्या अलीकडे स्प्लिट, म्हणजे स्टेजच्या मधल्या टप्प्यांवरच्या, वेळांचा हिशेब करत जाणूनबुजून सेकंद गमावतोय. टीव्हीवर अशी स्टेज बघताना आपण नक्की काय बघतोय, हेच कळेनासं होतं. जो हळू गेला तो खरंच हळू गेला, की उद्याची सोय करून ठेवली? वेग हे एकच खरं असलेल्या खेळात वेगावरचाच विश्वास उडाला तर उरतं काय?

तेव्हापासून सुटण्याच्या क्रमाचा कुठलाही नियम समोर आला की मी आधी एवढंच बघतो, की या नियमामुळे कुणाला मुद्दाम हळू जाण्यात फायदा दिसतो का. दिसत असेल तर तो नियम बाद. बाकी न्याय-अन्यायाचं नंतर बघू. कारण सगळ्यांना सारखा न्याय देणारा क्रम या खेळात असूच शकत नाही. कुणीतरी आधी जाणार आणि कुणीतरी नंतर. बिल कुणाच्या नावावर फाडायचं, एवढंच ठरवणं आपल्या हातात असतं.

अ‍ॅक्रोपोलिससारख्या प्रकारांनंतर २०१२ मध्ये ग्रॅव्हलच्या रॅलींना पात्रता स्टेज आली. रॅलीच्या आधी एक छोटी स्टेज पळायची, आणि तिच्यातल्या वेळेप्रमाणे ज्याने-त्याने आपली जागा निवडायची. सर्वांत वेगवान माणूस सर्वांत आधी निवडणार. अर्थात तो मागची जागा घेणार. पुढे जायची पाळी राहणार ती पात्रतेत हळू पडलेल्यावर. माझ्या कसोटीला हा नियम शंभर टक्के उतरतो: वेगाने गेलास तर बक्षीस, हळू गेलास तर झाडू. कुणाच्या मागच्या पुण्याईचा किंवा पापाचा संबंध नाही. कागदावर याहून न्याय्य काही सुचणं कठीण.

आणि तरी तो दोनच मोसम टिकला. कारण त्याने वेगवान माणसाला आणखी वेगवान केलं. ज्याला मदतीची गरज नाही त्यालाच सगळ्यांत स्वच्छ रस्ता. २०१३ मध्ये ओजिए फोक्सवॅगनची नवी पोलो घेऊन उतरला आणि १३ पैकी ९ रॅली जिंकला. त्यात गाडीचा आणि माणसाचाच वाटा मोठा, पात्रता स्टेजला फुकटचं श्रेय द्यायला नको. पण शुक्रवारी दुपारीच निकाल कळतोय, अशी तक्रार सुरू झाली की पहिला हात याच नियमावर पडणार होता. तसंच झालं.

इथून पुढे ‘थरार’ हा शब्द चर्चेत आला. २०१४ पासून पहिल्या दिवशी अजिंक्यपदाच्या क्रमाने सुटायचं ठरलं: गुणतक्त्यात पहिला तो रस्त्यावर पहिला. २०१५ मध्ये हीच शिक्षा दोन दिवसांची केली, शुक्रवार आणि शनिवार. फक्त रविवारी उलटा क्रम, म्हणजे आघाडीवाला शेवटी. हा सगळा खटाटोप कुणासाठी चाललाय ते सगळ्यांना माहीत होतं. नियमात ओजिएचं नाव लिहायचं तेवढं बाकी होतं. तो वैतागला, जाहीरपणे बोलला, आणि त्या मोसमात आठ रॅली जिंकून परत विजेता झाला. आठ! झाडू हातात घेऊन.

२०१६ मध्ये मात्र नियमाने आपलं काम केलं. ओजिएने मोंते कार्लो जिंकली, स्वीडन जिंकली, आणि मग ग्रॅव्हलचा हंगाम लागला. मेक्सिकोत यारी-मत्ती लाटवाला. अर्जेंटिनात हेडन पॅडन. पोर्तुगालमध्ये क्रिस मीक. सार्डिनियात तिएरी नूव्हिल. पोलंडला आंद्रेआस मिकेल्सन. फिनलंडला परत मीक. सलग सहा ग्रॅव्हल रॅली, पाच वेगळे विजेते, आणि जगज्जेता त्यात कुठेच नाही. मग जर्मनीत डांबरी रस्ता आला आणि ओजिए जिंकला. निकालांची ही यादी कुठल्याही रॅलीप्रेमीसमोर ठेवा. तो खडी कुठे सुरू झाली आणि कुठे संपली ते बरोबर सांगेल.

बोटीवर परतताना मी हे मेहुण्याला सांगितलं तेव्हा तो खूश झाला. त्याला मुद्दा सापडला होता. “म्हणजे पॅडनने जिंकलेली रॅली ही रॅली नव्हेच. ती नियमाने दिलेली देणगी.”

इथे मी आडवा आलो. अर्जेंटिनात शेवटच्या दिवशी उलटा क्रम होता: पॅडन आघाडीवर म्हणून शेवटी, ओजिए त्याच्या जरा आधी. दोघांना रस्ता जवळपास सारखाच. ओजिएने अंतर कापत कापत आणलं, आणि शेवटच्या एल कोंदोर स्टेजला दोघांत तीन सेकंदांहूनही कमी उरले. ही स्टेज म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या मोठमोठ्या शिळांमधून जाणारा अरुंद रस्ता. गाडी थोडी चुकली की शिळेवर. तोवर एकही जागतिक रॅली न जिंकलेला न्यूझीलंडचा पोरगा, मागे लागलेला माणूस सलग तीन वेळचा विजेता. त्या स्टेजला पॅडनने ओजिएपेक्षा सरस वेळ दिली. शुक्रवार-शनिवारच्या खडीने त्याला तिथवर पोचायला मदत केली असेल. शेवटच्या स्टेजला त्याला कोणी काही दिलं नाही.

“पण खडी नसती तर तो तिथे असता का?”

“नसता कदाचित.”

“मग?”

मग हेच, की खडी नसती तर ती स्टेज आम्ही बघितलीच नसती. हा कायदेशीर युक्तिवाद नाही, मला माहीत आहे. मेहुण्यालाही तो पटला नाही. त्याचं म्हणणं असं की एका फेरीत केलेल्या चांगल्या कामाची शिक्षा दुसऱ्या फेरीत भोगायला लावणं हे कुठल्याच न्यायात बसत नाही. वानखेडेवर रात्री दव पडतं आणि दुसऱ्यांदा गोलंदाजी करणाऱ्याच्या हातातून चेंडू निसटतो, तो अन्याय खरा, पण तिथे निदान नाणं उडवतात. गुणतक्त्यात वर असलेला संघ दवात गोलंदाजी करेल, असं कोणी लिहून ठेवत नाही.

त्याचं हे बोलणं मला बरेच दिवस पुरलं. उत्तर हळूहळू सापडलं, आणि ते माझ्या त्याच जुन्या कसोटीतून. पहिल्या दिवशी अजिंक्यपदाचा क्रम ही शिक्षा आहे, मान्य. पण ती चुकवण्यासाठी कुणी जिंकायचं सोडेल का? पुढच्या रॅलीला झाडू नको म्हणून या रॅलीतले गुण कोण सोडेल? गुण हातात, झाडू नंतर. हिशेब सरळ आहे आणि कुठल्याही ड्रायव्हरने तो उलटा मांडलेला मला तरी आठवत नाही. उलट २०११ च्या नियमात हळू जाण्याचं बक्षीस दुसऱ्या दिवशी सकाळीच मिळत होतं. दोन्ही नियम अन्याय करतात. अजिंक्यपदाच्या क्रमाचा नियम खेळ बिघडवत नाही, २०११ चा बिघडवतो. २०१७ मध्ये दोन दिवसांची शिक्षा पुन्हा एका दिवसावर आली, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उलटा क्रम ठरला, आणि ढोबळमानाने आजही तेच चालू आहे. माझ्या मते तडजोड म्हणून हे बरं आहे.

अर्थात पळवाटा कुठल्याही नियमाला असतातच. २०१८ ची स्वीडन रॅली आठवा. ओजिए खूप मागे पडला होता, रॅली हातची गेली होती. उलट्या क्रमामुळे शेवटच्या पॉवर स्टेजला, जिथे पहिल्या पाचांना वेगळे बोनस गुण असतात, त्याला लवकर सुटावं लागणार होतं आणि ताज्या बर्फात पुढे जाणं म्हणजे खडी झाडण्यासारखंच. रॅलीत टाइम कंट्रोलला, म्हणजे स्टेजच्या आधीच्या हजेरीच्या नाक्यावर, ठरल्यापेक्षा उशिरा पोचलात तर मिनिटाला दहा सेकंद दंड बसतो. ओजिए मुद्दाम उशिरा पोचला, दंड स्वीकारला, मागून सुटला आणि बोनस गुण घेऊन गेला. दहा सेकंदांच्या दरात त्याने चांगला रस्ता विकत घेतला. प्रतिस्पर्धी चिडले. मी मनातल्या मनात दाद दिली, आणि त्याच वेळी माझ्या कसोटीलाही तडा गेला. कारण तो गाडी हळू चालवत नव्हता, पण घड्याळाशी खेळतच होता.

डांबरी रस्त्यावर हा सगळा प्रकार डोक्यावर उभा राहतो. २०२३ ते २०२५ अशी तीन वर्षं ऑक्टोबरमध्ये सेंट्रल युरोपियन रॅली झाली, जर्मनी, ऑस्ट्रिया आणि चेक प्रजासत्ताक मिळून. तिथल्या एका डावीकडच्या वळणावर मी बराच वेळ उभा होतो. आतल्या बाजूला गवत आणि ओली माती. पहिली गाडी आली, वेळ वाचवायला दोन चाकं गवतावर घालून वळण कापलं आणि रस्त्यावर चिखलाची एक जीभ टाकून गेली. दुसरी आली, तिनेही. चार-पाच गाड्यांनंतर काळ्या डांबराचा रंग मळकट तपकिरी झाला. त्यापुढचे सगळे जण तिथे ब्रेक आधी लावत होते, तरी घसरत होते. म्हणजे इथे पुढे जाणारा सुखी. जो नियम खडीवर अव्वल माणसाला शिक्षा देतो, तोच शुक्रवारी डांबरावर त्याला बक्षीस देतो. आणि शनिवारी-रविवारी उलटा क्रम लागला की आघाडीवाला सगळ्यांचा चिखल तुडवत शेवटी जातो.

याचं भान नियम करणाऱ्यांना नाही असं नाही. डांबरी रॅलींना प्रत्येक ड्रायव्हरचे स्वतःचे टेहळे स्टेजच्या आधी रस्ता फिरून येतात, कुठे माती आहे, कुठे ओल आहे ते पेस नोट्समध्ये, म्हणजे को-ड्रायव्हरच्या त्या नोंदींमध्ये, भरून देतात. पण त्यांनी बघितलेला रस्ता आणि दहाव्या गाडीला मिळणारा रस्ता एक नसतो. २०२१ च्या क्रोएशिया रॅलीत ओजिएने एल्फिन एव्हन्सला ०.६ सेकंदाने हरवलं. तीन दिवस, दोन माणसं, आणि फरक डोळ्याची पापणी लवेल एवढा. अशा निकालात कुणाच्या वळणावर किती माती होती याचा हिशेब मांडायला बसलात तर वेड लागेल. सार्डिनियात २०२४ ला तर ०.२ सेकंद. ओजिए पुढे होता, शेवटच्या सासारी–आर्जेंतिएरा स्टेजला त्याचं टायर फुटलं आणि ओट टानाक जिंकला. गंमत अशी की २०१९ मध्ये त्याच स्टेजला टानाकचं पॉवर स्टिअरिंग गेलं होतं आणि हातातली रॅली दानी सोर्दोला मिळाली होती. नशिबाने हिशेब पुरा केला म्हणायचं, तर मधल्या पाच वर्षांचं व्याज कुणी दिलं?

‘थरार वाढवा’ म्हणणाऱ्यांचं सगळंच मी मान्य करत नाही. २०१४ मध्येच असा प्रस्ताव आला होता की रॅलीचा निकाल शेवटच्या स्टेजवर लागावा, म्हणजे तीन दिवसांत कमावलेली आघाडी कापून छोटी करायची आणि शेवटी सगळ्यांना जवळजवळ एका रेषेत आणायचं. ड्रायव्हर खवळले, प्रस्ताव फेटाळला गेला, आणि मला सुटल्यासारखं झालं. क्रम बदलून एखाद्याला कठीण रस्ता देणं वेगळं आणि त्याने कापलेले सेकंद पुसून टाकणं वेगळं. २०२४ मध्ये गुणांची पद्धत बदलून असाच घोळ घातला. शनिवारचे गुण वेगळे, रविवारचे वेगळे, आणि त्यातून रॅली जिंकणाऱ्यापेक्षा दुसऱ्याला जास्त गुण मिळू शकत होते. स्वीडनला तसं घडलंही. पुढच्या वर्षी विजेत्याचे २५ गुण परत आले. वर्षभराने शहाणपण सुचलं, हेही नसे थोडके.

मेहुण्याच्या त्या पहिल्या प्रश्नाला, वेगळे पैसे मिळतात का, याला एका ठिकाणी मात्र ‘हो’ असं उत्तर आहे. डाकार रॅलीत. तिथे मोटरसायकलवाल्यांना वाळवंटात रस्ताच नसतो. जो पुढे, त्याने वाट शोधायची आणि मागच्यांनी त्याच्या चाकाच्या खुणा धरून यायचं. त्यामुळे आदल्या दिवशी जिंकू नये यासाठीच तिथे डावपेच चालायचे. २०२३ पासून वाट काढणाऱ्या पुढच्या स्वारांना किलोमीटरमागे वेळेची सूट मिळायला लागली. झाडणाऱ्याला मजुरी! हे मी फोनवर मेहुण्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, “बघ, कुणाला तरी कायदा कळतो.” मग डब्ल्यूआरसीत असं का नाही? कारण वाळवंटात वाट काढणं हे नेहमी सारखंच कठीण, पण खडीची जाडी प्रत्येक स्टेजला वेगळी. पाऊस पडला तर पुढे जाणाराच फायद्यात, मागच्यांना राबडी. सकाळी किती सेकंदांची मजुरी द्यायची ते ढग बघून कोण ठरवणार? आणि अशी वजाबाकी सुरू झाली की टीव्हीवर दिसणारी वेळ ही खरी वेळ उरणार नाही.

काही जण तर मजुरीशिवायही झाडून जिंकतात. २०२२ मध्ये पोर्तुगालला काले रोवानपेरा तक्त्यात पहिला म्हणून रस्त्यावर पहिला होता, आणि तरी त्याने ती रॅली जिंकली. तेव्हा तो २१ वर्षांचा होता. शुक्रवारी तो धूळ उडवत पुढे आणि मागे सगळे त्याने मोकळ्या केलेल्या रस्त्यावर, तरी शनिवारी आघाडी त्याच्याकडे. त्या वर्षी तो विजेता झाला, सर्वांत तरुण. त्याच्या पोर्तुगालच्या विजयाला जी झळाळी आहे ती पात्रता स्टेजच्या नियमात आली नसती, एवढं मी मेहुण्यासमोरही ठामपणे म्हणतो.

आता नवं भांडण पार्ट-टाइमवाल्यांचं आहे आणि त्याच्या मध्यभागी पुन्हा ओजिएच. एके काळी झाडूवर सगळ्यांत जास्त चिडलेला हा माणूस २०२२ पासून निवडक रॅलीच धावतो. एखादी फेरी सोडली की गुण कमी, गुण कमी की जागा मागची, जागा मागची की रस्ता स्वच्छ. २०२५ मध्ये एव्हन्सने स्वीडन आणि केनिया जिंकून तक्त्यात मोठी आघाडी घेतली. ओजिए त्या दोन्ही ठिकाणी नव्हताच. मग ग्रॅव्हलवर पोर्तुगालला एव्हन्स पुढे झाडत गेला आणि जिंकला ओजिए. सार्डिनियात ओजिए पुन्हा जिंकला, पण तोवर तो तक्त्यात इतका वर सरकला होता की रस्त्याचा फायदा फारसा उरला नव्हता. त्यामुळे सगळं श्रेय खडीला देणारे मला पटत नाहीत. शेवटची रॅली सौदी अरेबियात. एव्हन्स तीन गुणांनी पुढे, म्हणून तिथेही पहिला तोच सुटला. मोसम संपला तेव्हा ओजिए चार गुणांनी पुढे होता, आणि नववं विजेतेपद घेऊन लोबच्या बरोबरीला.

एक तोडगा सुचतो: एकूण गुणांऐवजी धावलेल्या रॅलींची सरासरी काढा आणि शुक्रवारचा क्रम तीवर लावा. फेरी सोडण्याचा फायदा तिथेच संपेल. पण मग एखादा गरीब संघाचा पोरगा वर्षाला तीनच रॅली धावू शकतो, एका रॅलीत त्याला नशिबाने चांगले गुण मिळाले, की पुढच्या रॅलीला जगज्जेत्याच्याही आधी त्याच्या हातात झाडू. नऊ वेळच्या विजेत्याला धडा शिकवायला काढलेला नियम पहिला त्याच्या पाठीत बसायचा. शिवाय सरासरी खाली आणायला कुणी एखाद्या रॅलीत नुसतं हजेरी लावून जाईल, आणि मग मी माझ्याच कसोटीला काय उत्तर देऊ?

सौदीचा निकाल लागला त्या रात्री मेहुण्याचा साताऱ्याहून मेसेज आला: “चार गुण. एव्हन्सने अपील करावं.”

मी लिहिलं, नियम त्याला जानेवारीपासून माहीत होता, सगळ्यांना सारखाच होता, कशावर अपील करणार?

त्याचं उत्तर लगेच आलं: “दाजी, आधी माहीत असलेला नियम न्याय्यच असता, तर माझं ऑफिस कधीच बंद झालं असतं.”